तिवरांपर्यंतची वाट

माझे सासरे आनंदा परब यांना थंडीच्या सकाळी शिवडीच्या खाडीवर न्यावं लागतं. करी रोडच्या टॉवरमध्ये, विसाव्या मजल्यावर, त्यांचा जीव रमत नाही. खाडीकाठी तिवरांची, म्हणजे खारफुटीची, दाट राई आहे. तिथल्या चिखलाला त्यांच्या गावच्या, देवगडच्या खाडीचा वास येतो म्हणे. बांधावर बसून ते डोळे मिटतात आणि बघता बघता लहान होतात. धुक्यात तिवरं तरंगतात, पलीकडे रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग हलते, आणि आपण मुंबईत आहोत याचा मलाही विसर पडतो. मी तशी भाबडी नाही, पण पडतो.

यंदा बाबांनी हट्टच धरला. "माका एकदा तिवराखाली बसूचा आसा."

गुडघे गेलेले आणि चिखल मांडीएवढा. त्यात माझा नवरा, हितेंद्र, म्हणजे मंडळाचा मंडपवाला. गणपतीत चिखल दिसला की मुरूम टाकायचा, वर फळ्या, वर गालिचा, हेच त्याने जन्मभर केलं. मला न विचारता टेम्पोभर मुरूम आणून त्याने बांधापासून तिवरांपर्यंत वाट करून टाकली. गालिचा तेवढा राहिला, नशीब आमचं.

मी भांडणारच होते, पण बाबा त्या वाटेवरून चालत गेले. खोडाला पाठ टेकून बसले. पानांवर मिठाचे कण होते, ते बोटाने चाखून हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले. मग ओहोटीला रोज हेच चाललं.

काही आठवड्यांनी त्या वाटेकडच्या झाडांची पानं पिवळी पडू लागली. कांदळवनाची पाहणी करणारी अक्षता, वरळीच्या बीडीडी चाळीतली, एका सकाळी आली ती तापलेलीच. तिने वाकून मुरूम उकरला. आत बोटांएवढी मुळं चिखलातून वर उभी होती.

"दादा, झाडं ह्यातून श्वास घेतात. तुम्ही त्यांच्या नाकातोंडात भराव घातलाय. हा काढला नाही तर ही सगळी मरणार. आणि गुन्हा आहे हा, माहितीय ना?"

"बाबांसाठी केलं गं," हितेंद्र म्हणाला. "काढला तर ते परत तिथे जाणार कसे?"

हे ऐकून बाबा काठी टेकत बांधावर आले.

"काढून टाक. माका नको ह्यो रस्तो."

अक्षताने तिच्या ऑफिसात कळवलं. मंडळाची पोरं घमेली घेऊन आली आणि तिच्या देखरेखीखाली, ओहोटी साधून, मुळं सांभाळत सगळ्यांनी हाताने मुरूम उपसला. मीही उतरले. चिखल कोमट होता, आईने पाय धरून ठेवावेत तसा.

शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा भरती लागली होती. पाणी हळूच आत शिरलं. मुळांच्या टोकांशी बुडबुडे आले. बाबा बांधावर, झाडं तिकडे आणि मध्ये पाणी. ते आता तिथे कधीच जाणार नव्हते, आणि मला फार वाईट वाटलं.

त्यांनी हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, माझ्या झिलान मायेपोटी चूक केल्यान, ती पोटात घाल. ह्या तिवरांका पुन्हा पालवी फुटांदे रे महाराजा!"

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. गावी हितेंद्रला त्याची लाज वाटायची. आता गुडघाभर पाण्यात उभा राहून तो रडत ओरडला, "व्हय महाराजा!"