डोंगर कापणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची. कागदाचा मला मनापासून तिटकारा आहे. आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी कुरकुरायला नको.

लोहाराच्या भट्टीत माझी दोन पाती तापली, एका स्क्रूने जन्माची जोडली गेली आणि मी एका शिंप्याच्या हाती आले. त्याचा अंगठा माझ्या मुठीत असा बसला, की मूठच झिजून त्याच्या मापाची झाली. मखमल असो की लोकर, माझ्यापुढे साऱ्यांची मान खाली. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, कात्री आहे की पाण्यावरची होडी!" मास्तर एवढंच म्हणत, "तिला कागद दाखवत नाही मी." कागदाने आमची धार जाते. शिंप्याच्या घरात तान्ह्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मास्तरांना दोन मुली. थोरलीचा हात बेतायला बसलेला. दुकान तिचंच व्हायचं होतं. पण तिने दूरच्या शहरात छापखान्यात नोकरी धरली. "कापड सोडून कागद धरलास?" मास्तर गरजले. "मग तुझा कागदही या दारात यायला नको!" तिनेही मागे वळून पाहिलं नाही. बाप तशी लेक.

तिथून माझे दिवस फिरले. दुपारी मास्तरांचा डोळा लागला, की धाकटी मला उचलायची आणि कागद कापायची! बहिणींचा खेळ चालला होता. पुस्तकात डोंगर भेटला, की तो रंगीत कागदातून कापायचा, थरावर थर चिकटवून कार्ड करायचं आणि टपालाने एकमेकींना धाडायचं. थोरलीची कार्डं समोरच्या बटणवाल्या मावशींच्या पत्त्यावर येत. कधी राक्षसाने उशाला घेतलेला डोंगर, कधी ढग चरायला येतात तो. धाकटीने कापलेला शेवटचा होता एका गोष्टीतला, नदीवर रुसलेला. त्याखाली धाकटीने लिहिलं:

डोंगर रुसला गं, नदीकडे पाठ केली
नदी वळसा घेऊन पायाशी त्याच्या आली

असेल गोड. माझी धार गेली, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला एका नवरीच्या सॅटिनवर चालवलं आणि मी कापड चावलं. मास्तरांनी पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला कागदाचा भुसा लागला.

"कागद कापलास?"

"हो. डोंगर. ताईसाठी," धाकटी म्हणाली.

"माझ्या कात्रीने डोंगर पोखरलास? आणि निघालं काय? उंदीर!"

"उंदीर नाही, बाबा. उत्तर निघालं." तिने थोरलीचं कार्ड पुढे टाकलं.

मास्तरांनी ते मेलेल्या पालीसारखं चिमटीत धरलं. डोंगर पाहिलाच नाही, कड पाहिली.

"ही कड? कुत्र्याने ओरबाडल्यासारखी! हेच शिकवलं मी तिला?"

"हाताने फाडते ती. छापखान्यातलं यंत्र सरळच कापतं, आणि डोंगर कुठे सरळ असतो? कात्री घेईन तर बाबांसारखीच, म्हणते."

"म्हणते! मोठी आली म्हणणारी!"

सॅटिनच्या नासलेल्या तुकड्यात त्यांनी मला गुंडाळलं आणि वर दोरा करकचून आवळला. "ही कापडाला मेली. कागदातच मरू दे. धाड तिकडे."

"सोबत पत्र लिहू?"

"एक अक्षर नको."

"पण पाठवणाऱ्याचं नाव लागतंच, बाबा. माझं घालू?"

मास्तर गुरकावले, "कात्री कुणाची आहे?"

आता मी थोरलीच्या टेबलावर असते. रोज कागद कापते, रोज चडफडते. मित्रांनो, माझं ऐका. कापडाच्या कात्रीला कागद दाखवू नका. काम झालं की पाती पुसा, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडा. आणि न विचारता कुणाची कात्री उचलू नका, मग डोंगर कितीही देखणा असो.

मी पोहोचले त्या दिवशी थोरलीने पार्सलवरचं बापाचं नाव माझ्याच पात्यांनी, हळूहळू, कापून घेतलं होतं. तेवढा एक कागद मी चावला नाही.