वासावरचं मीठ

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत क्षमा सावंतचं नाव होतं ते नाकासाठी. आमटीच्या वाफेवर नुसती वाकायची आणि मीठ कमी की जास्त ते सांगायची. देवाच्या आधी नैवेद्य चाखायचा नाही, मग मीठ कळणार कसं? वासावर. छत्तीस वर्षं घरच्या गणपतीचा नैवेद्य तिच्याच हातचा, आणि त्याची पितळी पळी वरच्या फळीवर वेगळी, कांदा-लसूण कधी न लागलेली. सून अपूर्वाने पहिल्याच वर्षी ती पळी घासायला काढली, तर क्षमाने चार पाहुण्यांदेखत हिसकावून घेतली. "आधी वासावर मीठ ओळखायला शिक, मग हात लाव." याला तीन वर्षं झाली. अपूर्वा विसरली नव्हती, आणि का म्हणून विसरेल?

आणि आता मेलं ते नाकच गेलं होतं. फेब्रुवारीत ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. येईल परत कदाचित, एवढंच डॉक्टर म्हणाले. क्षमाने घरात ब्र काढला नाही. जिभेवर टेकवलं की खारट-आंबट कळायचं, बाकी सगळा पुठ्ठा. मोहरी कानाने, लसूण डोळ्यांनी, असं रेटणं चाललं होतं. मागच्या महिन्यात तिने चक्क विटलेली आमटी वाढली. मुलाने, मुकुलने, एक घास घेऊन वाटी सरकवली, तेव्हा कोकम जुनं होतं म्हणून तिने वेळ मारून नेली. गणपती दहा दिवसांवर आले होते. यंदाचा नैवेद्य निभावला की बास, पळी आपल्याच हातात राहील, एवढाच तिचा हिशोब.

रविवारी सकाळी ती देवळातून आली तर घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचावर, आणि मुकुल सोफ्यावर नाकाला टॉवेल लावून बसलेला. ओट्यावर पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर कराचीची कुणी बाई सांगत होती, मसूर नि मूग, हळद, तिखट, टोमॅटो, गरिबाघरची साधी पाकिस्तानी दाल.

क्षमाचं टाळकं सरकलं. शिवाय खिडक्या आणि टॉवेल बघून तिने अंदाज बांधला, आणि तो अंदाज तिला भारी आवडला.

"काय घाण वास सुटलाय हा," ती चपला काढता काढताच म्हणाली. "खाली जिन्यापर्यंत येतोय. गणपती तोंडावर आले आणि माझ्या ओट्यावर पाकिस्तान शिजतंय?"

"डाळ आपल्याच वाण्याची आहे, आई."

"माका शिकवू नको." ती तडक येऊन सिंकपाशी उभी राहिली. "लसूण करपवलीस ती करपवलीस, वर तोंड करून बोलतेस. असला वास नाकात गेला की नैवेद्य कसा करायचा माणसाने?"

अपूर्वाने मोबाईल बंद केला. घाई केली नाही तिने, हेच क्षमाला खटकलं.

"लसणीचा वास येतोय तुम्हाला? नक्की?"

"मग काय अत्तराचा? करपलेल्या लसणीचा."

अपूर्वाने झाकण काढलं. पिवळीधमक डाळ, वर तेलाचा थेंब नाही. मग तिने ताटली पुढे सरकवली. लसणीचा अख्खा गड्डा, सालासकट.

"फोडणी द्यायचीय अजून. लसूण सोललीसुद्धा नाही." तिने सिंकमधल्या पातेल्यावरचं ताट उचललं. बुडाला काळंकुट्ट दूध. "मघाशी दूध करपलं, त्याने घर भरलंय. तुम्ही त्याच्याशेजारी उभ्या आहात."

सर्दी झालीय म्हणावं, असं क्षमाच्या मनात आलं. पण मुकुल उठून दारात आला होता.

"कधीपासून, आई?" त्याने हळूच विचारलं.

सुनेचा टोमणा तिने परतवला असता. पण हा सूर तिला सहन होईना. आजारी माणसाशी बोलतात तसा होता तो.

"फेब्रुवारी."

"म्हणजे ती आमटी..."

"हो, ती आमटी. झालं समाधान?"

तिने स्टूल ओढलं, फळीवरची पळी काढली आणि ओट्यावर आपटली. "घे. कर तू नैवेद्य. ह्याच्यासाठीच टपून बसली होतीस ना."

"टपून नव्हते बसले," अपूर्वा म्हणाली. "पण तुम्ही चारचौघांत माझ्या हातातून ओढलीत, तेव्हा मलाही असंच वाटलं होतं."

तिने चार पाकळ्या सोलल्या, कापल्या. तेल तापलं. जिरं तडतडलं ते क्षमाला ऐकू आलं. लसूण तांबूस झाली, कांदा झाला, सुकी मिरची काळवंडली, सगळं तिला दिसलं. अपूर्वाने फोडणी चर्रकन डाळीवर ओतली, आणि मग क्षमाच्या डोळ्यात बघत ती पितळी पळी उचलून डाळीत घातली. बुडापासून ढवळली.

छत्तीस वर्षांच्या पळीला कांद्याचा पापुद्रा चिकटला.

मुकुलने नाकावरचा टॉवेल काढला आणि छाती भरून श्वास घेतला.

"झकास वास येतोय," तो म्हणाला, आणि मग त्याला आई तिथेच उभी असल्याची आठवण झाली.