फाटकाच्या वळणावरचा आवाज

हे देवाघरी गेल्यापासून ह्यांची गाडी मुलगा चालवतो. नातीला शाळेत तोच सोडतो. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की पुढच्या चाकाशी टक्‌-कुर्र असं वाजतं, असं त्याला सुनेनं सांगितलं. मला ते कधीचंच ठाऊक होतं. संध्याकाळी फाटकाच्या वळणावर तो आवाज आला की मी ह्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवायची. अजूनही ठेवते. मुलाला वाटतं, त्याच्यासाठीच.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा माझं मौन चालू होतं. रोज दुपारपर्यंत मी बोलत नाही.

"आमच्या घरी कुणी असा नेम धरला तर मी आठवडाभर गाड्या फुकट धुईन," मुलानं ते सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडून ऑइल पाहिलं, पट्टा दाबून पाहिला. दोन्ही ठीक. शेजारी ग्राइंडर चालू होता, त्यात त्यांना आवाज सापडेना.

"मलाही नीट येत नाही ऐकू," मुलगा म्हणाला. "आईचे कान तिखट आहेत."

"मग आजी, तुम्ही चाकाशी उभ्या राहा. वाजलं की पत्र्यावर टिचकी मारा. मी खालून एकेक सांधा दाबून धरतो. ज्याला धरल्यावर वाजायचं थांबेल, तो चोर."

ते गाडीखाली सरकले. मुलानं स्टिअरिंग वळवलं. टक्‌-कुर्र. माझं बोट उचललं गेलं नाही.

"आला का?"

गप्प राहणं तर माझा नेमच होता. कुणाला काही कळलं नसतं. मागच्या सीटवर नातीची पाण्याची बाटली आडवी पडली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. हे मौन नव्हे, हे खोटं बोलणं झालं, एवढंच मनात आलं.

मुलानं पुन्हा वळवलं. मी टिचकी मारली. पुन्हा वाजलं, पुन्हा मारली. मग वाजायचं थांबलं.

"हाच," मिस्त्री खालून म्हणाले. "रॉड एंड. पार खिळखिळा झालाय. निसटला असता तर चाकानं कुणाचं ऐकलं नसतं."

त्यांनी नवा बसवला. जुना डब्यात टाकला. डब्यात तसले पुष्कळ होते.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. मान वर केली तर मुलगा दारात उभा.

"आई, आज चहा नाही?"

"ठेवते. तू आलास ते कळलंच नाही."

"मग उद्यापासून हॉर्न वाजवत येऊ?"

"नको," मी म्हणाले, आणि पातेल्यात पाणी ओतलं.