पाचवीच्या आदल्या दिवशीची फेरी

मित्रांनो, माजलगावकडच्या एका दूध संस्थेचा मी जुना टेम्पो आहे. नवा आलो तेव्हा मला झेंडूचा हार घातला होता. पुढे दुष्काळ पडला, दूध आटलं आणि माझ्या पाठीवर कॅनांपेक्षा पाण्याची पिंपंच जास्त दिसू लागली. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून घरोघर पाणी साठवलेलं. त्या साठवणीत डास झाले आणि गावात डेंग्यू शिरला.

माझा चालक आसाराम. त्याची भावजय कालिंदा दिवस भरत आले तेव्हाच तापाने फणफणली आणि त्या तापातच बाळंत झाली. मुलगी झाली. घरी आणल्यावर लेकराच्या अंगावर लाल ठिपके उठले.

तिची सासू वच्छलाबाई म्हणाली, "घामोळ्या हायत. उद्या पाचवी पुजू, मग दावू डाक्टरला."

कालिंदाने दुपटं उलगडलं. बेंबीपाशी रक्त पाझरत होतं.

"पाचवी मागून पुजता येईल, आत्याबाई. लेकरू आधी."

मी दूध भरून शीतकेंद्राकडे निघालो होतो, तेवढ्यात कालिंदा लेकरू घेऊन रस्त्यावर आली. आसारामने कॅन रस्त्याकडेलाच उतरवले.

"दूध नासंल की," कुणीतरी म्हणालं.

"नासू द्या," एवढंच तो बोलला. कालिंदा लेकराला घेऊन पुढे बसली. वच्छलाबाई मागे चढली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "आईचा डेंग्यू बाळाला झालाय. रक्त गोठायला ज्या प्लेटलेट लागतात, त्या फार कमी झाल्यात. बरं झालं, लगेच आणलंत."

बाळाला प्लेटलेट चढवल्या. रक्तपेढीला त्याच्या बदल्यात रक्त हवं होतं, म्हणून मी गावी जाऊन माणसं भरून आणली. ज्यांचं दूध नासलं होतं, तीही त्यांत होती. वच्छलाबाई काचेआडच्या नातीवरून नजर हलवत नव्हती. हळूहळू ठिपके विरले, रक्त थांबलं, पोर जोर लावून दूध ओढू लागली.

आता ती शाळेत जाते. मी संस्थेमागे उभा आहे. टायर बसलेत, टपावर कोंबड्या झोपतात. कुणी विचारत नाही, पण तक्रार नाही.

एवढंच ऐका, मित्रांनो. पिंपाचं तोंड कापडाने घट्ट बांधा, आठवड्यातून एकदा ते घासून वाळवा. गरोदर बाईचा ताप अंगावर काढू देऊ नका. आणि तुमच्या गावची गाडी कुठे उभी असते, ते आजच बघून ठेवा.