लाल तारेचा भरवसा

ताईला ऐकू येत नव्हतं आणि तिला एकटीनं राहायचं होतं. या दोन गोष्टींचं एकमेकींशी कधी पटलं नाही. ऐन उमेदीत आलेल्या एका तापानं तिचे कान नेले. बोलणं मात्र राहिलं, आणि जीभही पहिल्यासारखीच तिखट राहिली. समोरच्याच्या ओठांवरून ती अर्धं वाचायची, उरलेलं अर्धं माणूस ओळखून भरायची. पण दारावरच्या घंटेला कुठले आलेत ओठ? दूधवाला वाजवून वाजवून परत जायचा. एकदा तर धाकटा भाऊच बाहेर ताटकळला. ताई आत पडली-बिडली असेल या धास्तीनं घामाघूम झाला, आणि ती आत निवांत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली.

त्या दिवसापासून त्याच्या बायकोनं धोशा लावला, "ताईंना आपल्याकडेच आणा. उद्या काही झालं तर लोक आपल्याला विचारतील."

"लोकांना माझ्याकडे पाठव," ताई म्हणाली. "मला काही ऐकू यायचं नाही."

हसण्यावारी गेलं, पण धाकट्याला ठाऊक होतं, हे घर सोडायला लावलं तर ताई आतून विझेल. ते वडिलांनी बांधलेलं घर. म्हणून त्यानं मधला मार्ग काढला. तो स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. लहानपणापासून घरात त्याचं नावच खटपट्या. त्यानं एक रिले आणला. रिले म्हणजे काय, तर काडेपेटीएवढ्या डबीतला स्विच, बोटाऐवजी दुसऱ्या चिमूटभर विजेनं दबणारा. दारावरचं बटण दाबलं की डबीत टक् व्हायचं आणि स्वयंपाकघराच्या दारावरचा बल्ब पेटायचा. बटण सोडलं की विझायचा. पहिल्यांदा दूधवाल्यानं बटण दाबलं आणि ताईनं उठून दार उघडलं, तेव्हा तो चांगला माणूस दचकून दोन पावलं मागे सरला. संध्याकाळी ताईनं धाकट्याच्या गालावरून हात फिरवला. देवानं न मागताच बक्षीस द्यावं, तसं त्याला वाटलं.

बायकोनं तेव्हाच बजावलं होतं, "यात काही बिघडलं ना, तर मग ताई इकडे. ठरलं?" तो ठरलं म्हणाला होता.

आणि आज सकाळी ताईचा मेसेज आला. 'बल्ब लुकलुकतो. होल्डरही चिकट झालाय. दुपारी पुसून दुसरा लावते. तू धावत येऊ नकोस.'

दुपार होता होता त्यानं तो दुकानात मालकांना वाचून दाखवला. मालक एका स्पीकरच्या पोटात मान घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "रिले फेजमध्येच टाकलायस ना?"

"लाल तार तोडून मध्ये टाकलाय."

"मी फेज विचारलं."

"लाल म्हणजे फेजच की."

मालकांनी 'हं' केलं आणि पुन्हा कामाला लागले. विषय संपला. पण धाकट्याच्या डोक्यात तो संपेना. लाल तार वीज घेऊन येते, काळी परत नेते, हे त्याला पाळण्यापासून पाठ. मग हे सलतंय काय?

आणि मग त्याला टोमॅटो आठवले.

वडील बाजारातून टोमॅटो आणायचे आणि आई कपाळावर हात मारायची, कारण अर्धे हिरवेगार असायचे. वडिलांना लाल रंग दिसायचाच नाही. लाल त्यांना काळपट दिसे, काळ्यासारखाच. जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं काम जन्मभर केलं, पण हे बाहेर कुणाला कळू दिलं नाही. घरात मात्र सगळे त्यांची थट्टा करायचे आणि तेही हसायचे. ताईच्या घराचं वायरिंग त्यांनी स्वतःच केलं होतं. हाताला येईल ती तार ओढायची, प्रत्येक टोकाला टेस्टर लावायचा, मगच जोडायचं. टेस्टरचा दिवा त्यांना दिसे. त्यांच्या घरात तारेच्या रंगाला काडीचा अर्थ नव्हता. आणि आई-वडिलांमागे हे सगळ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं, ताईला आणि त्याला.

त्याच घरात, बापाच्याच हाताच्या तारांमध्ये, त्यानं रंग बघून काम केलं होतं. डोळे चांगले म्हणून. ती लाल तार परतीची असेल, तर रिले बल्ब विझवत होता, वीज नाही. बल्ब अंधारात आणि होल्डर जिवंत. ताई तो पुसणार होती, ओल्या फडक्यानं.

"येतो," एवढंच तो म्हणाला आणि चपला अर्ध्या पायात घालून धावला. वाटेत मेसेज टाकला, 'बल्बला हात लावू नकोस.' तिनं तो पाहिला नाही. फोन करणार कुणाला? ज्या बहिणीला जगातली कुठलीच हाक पोचत नव्हती, तिच्यासाठी तो ज्याला सगळ्या हाका पोचतात त्याला हाका मारत राहिला.

दाराला आतून कडी. खिडकीतून पाहिलं तर ताई स्टुलावर उभी, पाठ त्याच्याकडे. बल्ब काढून फडताळावर ठेवलेला. एका हातात पिळलेलं फडकं.

त्याचं बोट सवयीनं घंटेच्या बटणाकडे गेलं आणि टेकता टेकता थांबलं. बल्बच नाही, तर तिला दिसणार काय? उलट बटण दाबलं की रिले परतीची वाट उघडून देणार, तीही तिच्या बोटांखाली. बहिणीला हाक मारायला म्हणून त्यानं जे बटण बसवलं होतं, तेच आता दाबायचं नव्हतं.

जिन्याखाली मीटर होता. तो तिकडे पळाला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

पुन्हा खिडकीशी आला तेव्हा ताई फिरता फिरता थांबलेल्या पंख्याकडे मान वर करून पाहत होती. मग ती सावकाश उतरली आणि वीज कुठे गेली ते बघायला तिनं दार उघडलं.

"तू? आणि तोंड असं का झालंय?"

तिला ओठ दिसावेत म्हणून त्यानं सावकाश सांगितलं. लाल तार, टोमॅटो, टेस्टर. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर चोळली.

"म्हणून मुंग्या यायच्या तर. पुसताना. मागेही दोनदा आल्या."

"आणि तू बोलली नाहीस?"

"वयानं येत असतील म्हटलं." मग फडक्याची घडी घालत, "खोटं कशाला बोलू. आला होता मला संशय. पण बिघडलं म्हटलं असतं, तर माझं बोचकं बांधलं असतंत तुम्ही."

तो दाराच्या चौकटीला टेकला. त्याला ओरडायचं होतं. कुणावर, ते कळेना. एक बहीण विजेचा चटका गिळून गप्प बसते, कारण भावाच्या घरी जायची भीती तिला त्याहून मोठी वाटते. कान तिचे गेले होते, त्याचे नव्हते; त्याला हे ऐकावंच लागलं.

"आज सांगणार आहेस घरी?" तिनं विचारलं.

"सांगणार. माझी चूक झाली म्हणून सांगणार."

"तुझी बायको ऐकेल?"

"माहीत नाही."

त्यानं शेजाऱ्याकडून टेस्टर आणला. वीज चालू करून आधी तारा तपासल्या. दिवा काळ्या तारेवर लागला. मग मेन पुन्हा खाली ओढून, टेस्टर लावून खात्री करून घेतली आणि लाल तार पुन्हा सांधून रिले काळ्या तारेत बसवला. ताई विजेरी धरून उभी होती. वीज पुन्हा आली तेव्हा रिकाम्या होल्डरच्या दोन्ही टोकांना त्यानं टेस्टर लावला. कुठेच दिवा लागला नाही.

"परत लाव," ताई म्हणाली. त्यानं परत लावला.

नवा बल्ब बसवून तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. दार उघडेना. पुन्हा दाबलं. जिन्यावर त्याला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. आत काय झालं, बल्ब लागलाच नाही की काय, त्यानं दारावर तळवा टेकवला.

मग कडी सरकली.

"पहिल्यांदाच लागला होता," ताई म्हणाली. "मी जरा बसून राहिले. दार कधी उघडायचं, ते मीच ठरवणार ना."

त्याला हसू आलं नाही. तिनंही त्याच्या हसण्याची वाट पाहिली नाही. दार उघडं ठेवून ती आत वळली.