करवलीच्या पिशवीतला डबा

मी एक जुना, पोचा पडलेला स्टीलचा डबा आहे. अरे थांबा, हसू नका! मित्रांनो, सांगतोच सगळं.

माझ्या बुडावर 'तुळसा' कोरलंय. कोलशेतच्या तुळसाआजीच्या लग्नात मी आहेरात आलेलो. परशुरामआजोबा मला मिठागरावर न्यायचे, भात आणि सुकट भरून. दुपारी बांधावर सगळ्यांचे डबे एका रांगेत उघडे! कोण कुणाला लाजणार? मग मिठागरं गेली, बिल्डिंगी आल्या, आजोबा गेले, आणि मी थेट माळ्यावर.

मग नात निशिगंधा आजारी पडली. एकोणीस वर्षांची, नाचात सगळ्यात पुढे. पोटात कळा, रक्त पडायचं, वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, "आतड्याला सूज आहे. कधी कमी, कधी जास्त, पण गोळ्या कायम." आजीने मला खाली काढलं, चिंचेने घासलं, मऊ भात भरला. मी खूश! पण निशिगंधा मला ओढणीत गुंडाळून ठेवायची, कॉलेजात कोपऱ्यात जाऊन जेवायची. घरच्यांनी नातेवाइकांना सांगितलेलं, टायफॉइड झालाय. पोरीचं लग्न जमायचंय ना!

गेल्या वर्षी एका हळदीला कोपर गावच्या मालनमामीने तिला मटण वाढलं. आमच्याकडे वाढलेलं नाकारलं की माणसं रुसतात. पोट आधीच बिघडलेलं, तरी हिने ताट पुसून खाल्लं. आठ दिवस हॉस्पिटल!

आणि आता मामीच्याच मुलाचं, हर्षितचं लग्न. करवली कोण? निशिगंधा!

"मी नाही येत आजी. मामी परत वाढणार."

"डबा घे नि चल," आजी म्हणाली.

मांडवात पंगत बसली. मामी पातेलं घेऊन आलीच. "काय गो करवली, ताट कोरडा? नाय जेवलीस त मी रुसन हां!"

पिशवीत निशिगंधाने मला घट्ट धरलेलं. आणि मग, टण्ण! मी टेबलावर!

"मामी, टायफॉइड नव्हता. मला आतड्याचा आजार आहे, कायमचा. गेल्या वर्षी तुला नाही म्हणता आलं नाही. आज मला नाचायचंय."

मामीचा डाव हवेतच. मग डोळे पुसत ती म्हणाली, "आधी नाय सांगाचा गो? मीच वाढलेला तुला! नि आता गार भात जेवशील? आण इकडं."

तिने स्वतः भात गरम करून आणला. "तूप नाय घातलाय. तुला विचारल्याशिवाय काय घालाचा नाय. पण नाचली नाय त मंग खरी रुसन!"

निशिगंधा दोन गाणी नाचली. तिसऱ्याला पोट धरून बसली, आणि कुणी तिला ओढलं नाही.

आजार गेलेला नाही हां. मागच्या आठवड्यात परत दुखलं, कॉलेज बुडलं. पण आता मी ओढणीशिवाय असतो, बॅगेत सगळ्यात वर.

तर मित्रांनो, माझा पोचा नाही काढलात तरी चालेल. घासा, भरा, आणि उघडाल तेव्हा कोपऱ्यात नको. तुमच्या डब्यांच्या रांगेत ठेवा मला.