अकरा मिनिटांचा सिनेमा आणि बावीस खुर्च्या

ऑफिसात तिला सगळे अंदाजबाई म्हणत. चित्रपटगृहांच्या एका साखळी कंपनीत तिची नोकरी होती आणि काम एकच: येणारा सिनेमा पहिल्या तीन दिवसांत शंभरातल्या किती खुर्च्या भरेल, ते दहा दिवस आधी सांगायचं. तिच्या आकड्यावरून साहेब ठरवत, कुठल्या सिनेमाला किती पडदे आणि कोणत्या वेळा द्यायच्या. सात वर्षांत तिचा अंदाज चारपाच खुर्च्यांपलीकडे कधी चुकला नव्हता. ट्रेलर कितीजणांनी अर्ध्यावर सोडला, त्या आठवड्यात शाळांच्या परीक्षा आहेत का, समोर दुसरा कुठला सिनेमा उभा आहे, असं सगळं ती मांडायची आणि आकडा लिहून मोकळी व्हायची.

या वेळी मात्र ती मोकळी होईना.

सिनेमा अवकाशातला होता. बंद पडलेल्या एका अवकाश स्थानकावर दोन दुरुस्तीवाले अडकतात. पृथ्वीवरून बोललेला शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचायला अकरा मिनिटं लागतात आणि उत्तर परत जायला आणखी अकरा. मारामारी नाही, गाणं नाही. आणि ते स्थानक, त्याच्या भिंती, खिडक्या, बोगदे, सगळं तिच्या दादानं बांधलं होतं.

दादा सुतार. आईवडील गेल्यापासून ती दादा-वहिनीकडेच राहत होती. चौदा महिने दादा प्लायवूडचा भुसा केसांत घेऊन घरी यायचा. भंगारातल्या वॉशिंग मशीनची दारं आणून त्यानं स्थानकाच्या खिडक्या केल्या होत्या, अंड्यांच्या ट्रेवर चंदेरी रंग मारून भिंती. सेट अजून स्टुडिओत उभा होता. निर्मात्यानं सांगून ठेवलं होतं, सिनेमा चालला तर दुसरा भाग याच सेटवर. नाही तर सेट मोडायचा आणि जागा रिकामी करायची.

"काय म्हणतोय आकडा?" दादा रोज सकाळी चहा ओतताना विचारायचा. सहज विचारल्यासारखा, पण कप भरून बशीत सांडेपर्यंत त्याचं लक्ष तिच्याकडे असायचं.

"अजून काढला नाही," ती म्हणायची.

खरं म्हणजे तीनदा काढून झाला होता. बावीस. मग चोवीस. मग पुन्हा बावीस.

निवडक प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या खेळालाही ती जाऊन आली. एकशेऐंशी माणसं होती. मध्ये कोणी हसलं नाही, टाळ्या नाहीत. शेवटी दिवे लागले तरी कोणी उठेना. कंटाळून बसलेत की हलून गेलेत, तिला कळेना. अभिप्रायाच्या फॉर्मवर 'मित्राला बघायला सांगाल का?' या प्रश्नापुढे निम्म्यांनी लिहिलं होतं, 'सांगता येत नाही.' एरवी असं उत्तर ती नकारात धरायची. आज पेन तिथंच अडलं. मला दिसतंय ते खरं, की दादाचा सिनेमा म्हणून तसं दिसतंय?

मंगळवारी दुपारी तिनं अहवालात अडतीस लिहिलं. पाणी प्यायला गेली, आली, खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"हा सिनेमा दुसऱ्या कुणाला द्या. माझा भाऊ आहे त्यात."

"नट?"

"सुतार."

साहेब हसले. "अहो, माझी बायको दातांची डॉक्टर आहे, म्हणून मी दात घासायचे सोडले का? आकडा द्या. पाचपर्यंत."

पाचला पाच मिनिटं असताना तिनं बावीस पाठवला.

पुढच्या आठवड्यात ज्या शुक्रवारी हा सिनेमा लागणार होता, त्याच दिवशी एक मोठा विनोदी सिनेमाही येत होता. तीनशे पडद्यांपैकी अवकाशाच्या वाट्याला चाळीस आले. बहुतेक ठिकाणी सकाळी साडेनऊचा खेळ, उरलेल्या ठिकाणी दुपारी एकचा.

दादानं मोबाइलवर वेळा पाहिल्या. "सकाळी साडेनऊला कोण जातं गं अवकाशात?"

तिनं हातातला घास खाली ठेवला. "दादा, आकडा माझा होता. बावीस."

वहिनी ओट्यापाशी होती, ती गर्रकन वळली. "घरचं माणूस असून? थोडा वाढवून दिला असता तर कंपनी बुडाली असती का?"

"तिचं काम आहे ते," दादा म्हणाला. पण त्यानं भाजी पुन्हा वाढून घेतली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना काही विचारलं नाही. ते जास्त झोंबलं.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी सकाळच्या खेळांचा आकडा आला तेवीस. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. "बघा, डोळे झाकून विश्वास ठेवावा तर असा!" ती कसंबसं हसली. दिवसभर खुर्चीत टिकेना. जिन्यानं खाली जायची, वर यायची. एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. सकाळी साडेनऊला ठेवलेला कोणता सिनेमा तेवीसच्या वर जातो? मी हे ओळखलं, की मीच हे केलं?

शनिवारी रात्री फोन वाजला. गावाबाहेरच्या दोन पडद्यांच्या थिएटरची मॅनेजरबाई होती. कामाशिवाय कधी फोन न करणारी.

"अंदाजबाई, तुम्हालाच सांगावंसं वाटलं. विनोदी सिनेमाची फाइल सहाच्या खेळाला उघडेचना. दोनशे बारा माणसं आत बसलेली, शिट्ट्या सुरू. मी पुढं जाऊन सांगितलं, पैसे परत घ्या नाहीतर अवकाशातला सिनेमा बघा."

"मग?"

"एकसष्ट उठून गेले."

"आणि बाकीचे?"

"बसले. शेवटपर्यंत. आणि आता तिकीट खिडकीवर विचारतायत, उद्या संध्याकाळी पुन्हा आहे का म्हणून. घरच्यांना आणायचंय म्हणे. लावू का?"

"लावा," ती म्हणाली. तिला तो अधिकार नव्हता.

रविवारी दोन बस बदलून ती तिथं पोहोचली. मागच्या दाराशी उभी राहिली. पडद्यावर दुरुस्तीवाल्याची मुलगी पृथ्वीवरून विचारते, "बाबा, तुम्ही जेवलात का?" आणि तो प्रश्न यायच्या आतच स्थानकातली हवा संपत आलेली असते. थिएटरात कुणाच्या तरी हातातली पिशवी चुरचुरायची थांबली. पुढच्या रांगेतली एक आजीबाई अगदी हळू म्हणाली, "सांग की रे तिला." अंदाजबाईनं खुर्च्या मोजल्या. सवयच ती. शंभरात एकाहत्तर.

सोमवारी सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली.

"माझा आकडा चुकला."

"बरोबर आलाय की."

"बरोबर आला, कारण आपण तो बरोबर आणला. सकाळचे खेळ दिले, मग माणसं सकाळइतकीच आली."

साहेबांनी चष्मा काढला. "एका थिएटरवरून? एका शितावरून भाताची परीक्षा करताय?"

"भाताची तशीच करतात साहेब."

ते खो खो हसले. घासाघीस झाली. बारा थिएटरं मागितली, पाच मिळाली. गुरुवारपासून चार दिवस, संध्याकाळचा खेळ. "आकडा लिहून द्या," ते म्हणाले. "आणि चुकलात तर?"

"तर मला अंदाजबाई म्हणू नका." तिनं पंचावन्न लिहून दिलं.

पण निर्माता तेवढा थांबायला तयार नव्हता. पहिल्या तीन दिवसांचे आकडे पाहून त्यानं मंगळवारीच सेट मोडायला सांगितला. तिला वहिनीकडून कळलं. अर्धी रजा टाकून ती स्टुडिओत गेली.

दादा शिडीवर होता. एकटाच स्क्रू काढत होता. वॉशिंग मशीनची दारं भिंतीला टेकवून रांगेनं लावली होती.

"माणसं मागवली नाहीस?"

"ती हातोड्यानं मोडतात. मी नीट उतरवतो."

तिनं खाली बसून स्क्रू डब्यात भरायला सुरुवात केली.

"तू अडतीस लिहिला होतास म्हणे," दादा वरून म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"तूच. झोपेत बडबडत होतीस. वहिनीनं ऐकलं." तो दोन पायऱ्या खाली उतरला. "खरं सांगू छोटे? तू तो पाठवला असतास तर मला आनंद झाला असता. आठवडाभर. मग पुढं तू कुठलाही आकडा सांगितला असतास ना, चांगला, वाईट, मी म्हटलं असतं, घरचाच आहे."

तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. स्क्रू मात्र डब्यात नको इतक्या जोरात पडत होते.

संध्याकाळच्या खेळांचा निकाल असा लागला. चार थिएटरांत अठ्ठेचाळीस ते साठ. पाचव्यात एकोणीस, तिथं लोकांनी चक्क अर्ध्यातून उठून विनोदी सिनेमाचं तिकीट काढलं. सरासरी सेहेचाळीस. सात वर्षांत पहिल्यांदा ती नऊ खुर्च्यांनी चुकली. साहेबांनी नाव काही काढून घेतलं नाही, पण त्यानंतर अहवालाच्या फॉर्मवर तिनं एक रकाना वाढवला: कोणत्या वेळेच्या खेळासाठी. वेळ कळल्याशिवाय आकडा देत नाही म्हणून अडून बसली. साहेब कुरकुरले आणि मग भरू लागले.

सिनेमा अकरा थिएटरांत चार आठवडे टिकला. गाजला असं म्हणता येणार नाही. पडला असंही नाही. निर्माता दुसऱ्या भागाबद्दल "बघू" म्हणतो. दादा दुसऱ्या एका मालिकेसाठी पोलीस चौकी बांधतोय. वॉशिंग मशीनची दारं माळ्यावर नेऊन ठेवलीत, वहिनी रोज त्यांना शिव्या देते.

शेवटच्या आठवड्यात ती दादाला त्या गावाबाहेरच्या थिएटरात घेऊन गेली. त्यानं तोवर सिनेमा पाहिलाच नव्हता. दोन तास तो पडद्याकडे कमी आणि शेजारच्या रांगांकडे जास्त बघत होता. दिवे लागल्यावर बाजूच्या खुर्चीतला माणूस सहज बोलायचं म्हणून त्याला म्हणाला, "काय जागा शोधून काढतात हो! कुठं असेल ही?"

दादानं तिच्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे.

"होती इथंच, जवळच," तो म्हणाला, आणि चप्पल शोधायला खाली वाकला. बराच वेळ वर आला नाही.